राजाशेजारचे पान: पत्त्यांच्या संग्रहालयात एक फेरी

१/
पत्त्यांचा कॅट हातात घ्या आणि त्यातली चित्राची पाने वेगळी काढा. राजा, राणी, गुलाम. बदामसात आणि मेंढीकोट खेळत मोठे झालेल्या आपल्याला हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो, की तो कोणीतरी, कधीतरी ठरवला असेल हे मनातही येत नाही. राजाच्या खालोखाल राणीच का? या साध्या प्रश्नाचा माग काढण्यासाठी आज स्पेनमधल्या एका संग्रहालयात जाऊ आणि तिथून सावंतवाडीपर्यंत येऊ.

२/
स्पेनच्या उत्तरेस, बास्क प्रदेशात, व्हिटोरिया-गास्तेइस नावाचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकात एराक्लिओ फोर्निए या मुद्रकाने इथे पत्ते छापण्याचा कारखाना उभारला आणि तो पुढे जगप्रसिद्ध झाला. त्याचा नातू फेलिक्स अल्फारो फोर्निए याने १९१६ मध्ये जुने पत्ते जमवण्यास आरंभ केला. हा संग्रह नंतर आलावा प्रांताच्या प्रशासनाने विकत घेतला. आज तो सोळाव्या शतकातील बेंदान्या राजवाड्यात आहे. शेजारीच पुरातत्त्व संग्रहालय आहे. उत्खननातल्या वस्तूंच्या बरोबरीने खेळण्याच्या पत्त्यांना स्थान मिळाले आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३/
इथले स्पॅनिश पत्ते पाहताना आपली पहिली फसगत होते. बदाम, इस्पिक, चौकट, किलवर यांपैकी एकही रंग दिसत नाही. त्यांच्या जागी सोन्याची नाणी, चषक, तलवारी आणि सोटे आहेत. चित्राची पाने तीनच: राजा, घोडेस्वार आणि सेवक. राणी नाहीच! राजाच्या खालोखालचा मान घोडेस्वाराचा. हा कॅट केवळ काचेआडचा नाही. बास्क लोकांचा ‘मुस’ नावाचा आवडता खेळ आजही याच पानांनी खेळला जातो.

४/
स्पॅनिश भाषेत पत्त्यांना ‘नाइपेस’ म्हणतात. या शब्दाचा माग अभ्यासक अरबी ‘नाइब’ या शब्दापर्यंत नेतात. नाइब म्हणजे प्रतिनिधी, राजाच्या वतीने कारभार पाहणारा. आपल्या ‘नायब तहसीलदार’ या पदनामातला नायब तोच. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातील पत्ते आहेत. १९३१ साली ते लिओ मेयर या अभ्यासकाच्या नजरेस पडले. चार रंग, प्रत्येकाची १३ पाने, एकूण ५२. त्यांतील वरची तीन पाने: मलिक (राजा), नाइब आणि दुय्यम नाइब.

५/
मामलुक पत्त्यांवर माणसांची चित्रे नाहीत. नक्षीकाम आहे आणि हुद्दा अक्षरांत लिहिलेला आहे. रंग म्हणजे नाणी, चषक, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. भूमध्य समुद्र ओलांडून हे पत्ते युरोपात गेले, तेव्हा तिथल्या लोकांना पोलो हा खेळ ठाऊक नव्हता. त्यामुळे पोलोच्या काठीचा सोटा झाला. १३७७ साली फ्लॉरेन्स शहराने पत्त्यांवर निर्बंध घातले, तेव्हा त्यांचे नाव ‘नाइब्बे’ असेच नोंदवले गेले. राजाच्या नाइबाचे नाव अख्ख्या खेळाला मिळाले होते.

६/
मग राणी आली कोठून? पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये पत्त्यांचा एक वेगळा साचा रूढ झाला. त्यात राजा, त्याखाली राणी आणि त्याखाली सेवक अशी उतरंड होती. घोडेस्वार गेला. पुढे फ्रेंच कारागिरांनी या पानांना नावेही दिली. डेव्हिड, अलेक्झांडर, सीझर आणि शार्लमेन हे राजे, तर पॅलस, ज्युडिथ, रेचल आणि आर्जीन या राण्या.

७/
हा साचा जगभर पसरला, त्याला कारण राणीचे सौंदर्य नव्हे. कारण छपाईचे होते. नाणी, चषक, तलवारी यांची चित्रे गुंतागुंतीची; त्यांसाठी लाकडी ठसे कोरावे लागत. बदाम, चौकट, इस्पिक, किलवर हे आकार मात्र सपाट आणि एकरंगी. छिद्र पाडलेला साचा कागदावर ठेवून लाल किंवा काळा रंग फिरवला की अंकांची पाने तयार. फ्रेंच पत्ते भराभर आणि स्वस्तात तयार होऊ लागले. रूआँ शहरातून ते इंग्लंडला गेले आणि इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आले.

८/
पत्त्यांतली ही उतरंड किती राजकीय असते, हे फ्रान्समध्येच दिसून आले. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३च्या सुमारास, राजाराण्यांची चित्रे हातात धरणेही आक्षेपार्ह ठरू लागले. तेव्हा नवे कॅट छापले गेले. राजांच्या जागी निरनिराळ्या ‘प्रतिभा’, राण्यांच्या जागी ‘स्वातंत्र्ये’ आणि सेवकांच्या जागी ‘समता’ आल्या. खेळणाऱ्यांना मात्र जुनीच सवय होती. क्रांतीचा जोर ओसरल्यावर राजे-राण्या पुन्हा पानांवर आले.

९/
आता आपल्याकडे वळू. इंग्रजी पत्ते येण्यापूर्वी हिंदुस्थानात पत्ते नव्हते, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. शाह हसनला या खेळाची फार आवड होती आणि त्याने तो मागवला होता. गंजिफ्याची पाने गोल असत.

१०/
अबुल फझलने ‘ऐन-इ-अकबरी’त गंजिफ्याचे सविस्तर वर्णन केले आहे. त्याने सांगितलेल्या जुन्या संचात १२ रंग आणि प्रत्येकाची १२ पाने, म्हणजे एकूण १४४. प्रत्येक रंगाचा अधिपती वेगळा. अश्वपती दिल्लीच्या बादशहासारखा, गजपती ओडिशाच्या राजासारखा, तर पायदळाच्या बळावर राज्य करणारा नरपती विजापूरच्या सुलतानांसारखा. एका रंगात तर सिंहासनावर खुद्द राणी बसलेली असे. ती राजाशेजारी नव्हे, राजाच्या जागी होती! मात्र तिच्याही खालोखाल वजीरच होता.

११/
पुढे अधिक रूढ झाला तो ८ रंगांचा आणि ९६ पानांचा मुघल गंजिफा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे त्याचे रंग. आज आपण ज्याला एका पानाचे नाव समजतो, तो ‘गुलाम’ इथे एक आख्खा रंग आहे. याच घडणीवर आपल्याकडे दशावतारी गंजिफा उभा राहिला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० रंग, प्रत्येकाची १२ पाने, एकूण १२०. वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू. प्रत्येक रंगात अंकांची १० पाने आणि चित्राची केवळ दोन.

१२/
ती दोन पाने म्हणजे राजा आणि प्रधान. राणी इथेही नाही. मराठी वाचकाने या ठिकाणी क्षणभर थांबावे. १६७४च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांत पेशवा हा मुख्य प्रधान. अठराव्या शतकात राजा साताऱ्यास आणि राज्याची सूत्रे पुण्यास, अशी स्थिती आली, तरी पेशव्यांच्या शिक्क्यांवर ‘मुख्य प्रधान’ हीच अक्षरे राहिली. गंजिफा खेळणाऱ्याला राजाशेजारी प्रधान असणे इतके स्वाभाविक होते, जितके आज आपल्याला राणी असणे वाटते. डावात मात्र राजाचे पान कायम प्रधानाच्या वर राहिले. इतिहासात तसे झाले नाही.

१३/
हा खेळ सोपा नव्हता. राजा आणि प्रधान सर्वत्र वरचढ. पण अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या अर्ध्यांत नेमके उलट. दिवसा डाव रामाचा राजा हाती असणाऱ्याने सुरू करायचा आणि सूर्यास्तानंतर कृष्णाचा राजा असणाऱ्याने. हुकूम नसे. कोणती पाने पडून गेली, हे १२० पानांत ध्यानात ठेवावे लागे. खेळाचा सगळा भार स्मरणशक्तीवर होता.

१४/
सावंतवाडीत ही पाने चितारी मंडळी करीत. तिथली चितारआळी आजही प्रसिद्ध आहे. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप देऊन घोटायचे, गोल पाने कापायची, प्रत्येक पान हाताने रंगवायचे आणि शेवटी लाखेचा मुलामा द्यायचा. अशी १२० पाने! त्यांच्यासमोर यंत्रावर छापलेला ५२ पानांचा स्वस्त कॅट आला. निकाल काय लागणार, हे उघड होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही कला जाणणारे मोजकेच वृद्ध कारागीर उरले.

१५/
१९७०च्या दशकाच्या आरंभी सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ही कला वाचवण्याचे मनावर घेतले. पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर हयात होते. सत्त्वशीलादेवी स्वतः त्यांच्याकडे ही कला शिकल्या. राजवाड्याच्या दरबार दालनात नवे चित्रकार गंजिफा रंगवू लागले. ज्या खेळात राणीचे पानच नाही, त्याची पाने राखण्यात एका राणीचा एवढा मोठा वाटा असावा, हा योगायोग विसरण्याजोगा नाही.

१६/
तरीही एक उणीव राहते. व्हिटोरियात काचेआड दिसणारा राजा बाहेर पडल्यावर मुस खेळणाऱ्याच्या हातातही दिसतो. सावंतवाडीचा गंजिफा आज बहुधा चौकटीत बसवून भिंतीवर लावला जातो. चित्र वाचले, डाव मात्र मोडत चालला. पान तज्ज्ञाला शेकडो वर्षे जपता येते, पण उतारी कशी करायची, कोणते पान कधी राखून ठेवायचे, हे खेळणाऱ्यांकडूनच पुढे येते. ती साखळी एका पिढीत तुटू शकते.

१७/
तेव्हा दोन गोष्टी करा. पुढच्या वेळी पत्ते पिसताना राजाशेजारच्या पानाकडे नीट पाहा. नाइब, घोडेस्वार, प्रधान, राणी: इतक्या जणांनी ती जागा भूषवली आहे. आणि आजोळच्या घरात, माळ्यावरच्या एखाद्या पेटीत गोल, रंगीत पाने सापडली, तर ती लगेच चौकटीत बसवू नका. घरात कोणी तो खेळ खेळलेले असेल, तर त्यांच्याजवळ बसा, पाने वाटायला सांगा आणि नियम लिहून घ्या.