चार्ल्स गुडनाइट : सरहद्दीवरचा शिपाई आणि टेक्ससचा पशुपालक

पदवीच्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवताना आपण यादवी युद्धापाशी थांबतो, लिंकन यांची हत्या सांगतो आणि पुढच्या तासाला थेट पहिल्या महायुद्धाकडे वळतो. मधल्या पन्नास वर्षांत पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात काय घडले, ते विद्यार्थी सिनेमातून शिकतात. ही उणीव भरून काढण्यास चार्ल्स गुडनाइट यांचे चरित्र उपयोगी पडेल असे वाटते. मात्र ते वीरचरित्र म्हणून शिकवू नये.

गुडनाइट यांचा जन्म ५ मार्च १८३६ रोजी इलिनॉय राज्यात झाला. लहानपणीच ते कुटुंबाबरोबर टेक्ससमध्ये आले. शाळेत गेले ते जेमतेम सहा महिने. विशीच्या सुमारास ते सरहद्दीवर गस्त घालणाऱ्या टेक्सस रेंजर्समध्ये दाखल झाले. माग काढण्यात त्यांचा हातखंडा होता.

डिसेंबर १८६० मध्ये पीस नदीकाठच्या कोमांची वस्तीवर सल रॉस यांच्या तुकडीने छापा घातला. त्या तुकडीला वाट दाखविणारे गुडनाइटच होते. या छाप्यात सिंथिया ॲन पार्कर सापडली. १८३६ मध्ये, नऊएक वर्षांची असताना, कोमांचींनी तिला पळवून नेले होते. चोवीस वर्षांत ती पूर्णपणे कोमांची झाली होती. परत आणल्यावर गोऱ्या नातेवाइकांत तिचे मन कधीच रमले नाही. टेक्ससमध्ये मात्र या घटनेचा मोठा विजय म्हणून गाजावाजा झाला आणि रॉस पुढे १८८७ मध्ये राज्याचे गव्हर्नर झाले. ती लढाई नसून मुख्यतः स्त्रियांच्या छोट्या वस्तीवरील हल्ला होता, असे अलीकडच्या संशोधकांनी दाखविले आहे. एका राजकीय कारकिर्दीसाठी पुरावा कसा फुगविला जातो, याचे हे वर्गात सांगण्याजोगे उदाहरण आहे.

यादवी युद्धात गुडनाइट दक्षिणेच्या बाजूने सरहद्द पलटणीत होते. मोठ्या रणांगणांवर ते गेले नाहीत. परंतु ज्या सत्तेच्या नोकरीत ते होते ती गुलामगिरीच्या रक्षणासाठी उभी राहिली होती, हे विसरता येत नाही.

युद्धानंतर टेक्ससमध्ये गुरे उदंड आणि भाव कवडीमोल, अशी स्थिती होती. १८६६ मध्ये गुडनाइट आणि त्यांच्याहून वयाने बरेच मोठे ऑलिव्हर लव्हिंग यांनी सुमारे २,००० गुरे न्यू मेक्सिकोतील फोर्ट सम्नरकडे हाकली. तेथे सरकारने हजारो नवाहो लोकांना डांबून ठेवले होते आणि त्यांना खायला घालण्यासाठी मांस हवे होते. म्हणजे या पशुपालकाच्या भाग्योदयाला एका जमातीची कैद कारण झाली. वाटेत पेकोस नदीपर्यंतच्या निर्जळ पट्ट्यात शेकडो गुरे मेली. याच प्रवासासाठी त्यांनी लष्करी गाडीच्या मागच्या बाजूला कप्प्यांची पेटी बसवून फिरते स्वयंपाकघर तयार केले. (दख्खनमध्ये फौजांना बैलांच्या पाठीवरून धान्य पुरविणाऱ्या लमाणांच्या तांड्यांची येथे आठवण होते, ते चालते कोठार, तर हे चालते स्वयंपाकघर.)

१८६७ मध्ये कोमांचींच्या हल्ल्यात लव्हिंग जखमी झाले आणि जखम चिघळून मरण पावले. गुडनाइट यांनी त्यांचा मृतदेह टेक्ससला परत नेला आणि पुढेही नफ्यातील त्यांचा अर्धा वाटा कुटुंबाला दिला.

या प्रवासांतील त्यांचा सर्वांत विश्वासू साथीदार होता बोझ आयकार्ड, गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय गुराखी. रोकड सांभाळायची ती त्याने. रकमा हजारोंच्या होत्या, पण भागीदारी कधी आयकार्डच्या वाट्याला आली नाही. १९२९ मध्ये तो वारला, तेव्हा वृद्ध गुडनाइट यांनी त्याच्या कबरीवर त्याच्या निष्ठेची आणि धैर्याची नोंद करणारा दगड उभारला. हा जिव्हाळा खरा होता याबद्दल शंका नाही. तरीही दगडावर नोंद झाली ती चाकरीची.

१८७३ च्या आर्थिक अरिष्टात गुडनाइट बुडाले. त्यांना नव्याने उभे राहता आले ते सैन्याच्या एका मोहिमेमुळे. सप्टेंबर १८७४ मध्ये कर्नल मॅकेन्झी यांनी पालो ड्युरो दरीतील छावण्यांवर हल्ला केला. माणसे फारशी मेली नाहीत. मात्र हजाराहून अधिक घोडे पकडून गोळ्या घालून मारण्यात आले. घोड्यांवाचून कोमांचींचे जगणे अशक्य झाले आणि पुढच्या वर्षी सिंथियाचा मुलगा क्वाना पार्कर शरण आला. १८७६ मध्ये गुडनाइट १,६०० गुरांसह त्याच दरीत उतरले. दरीतील बायसन त्यांनी बाहेर हुसकावले (आपल्याकडील गव्याशी या प्राण्याची पुष्कळदा गल्लत होते). भांडवल दिले जॉन अडेअर यांनी. या अडेअर यांनी १८६१ मध्ये आयर्लंडमध्ये आपल्या जमिनीवरील दोनशेहून अधिक कुळांच्या माणसांना घराबाहेर काढले होते. त्यांच्या आद्याक्षरांवरून रँचचे नाव ‘जेए’ पडले. भरभराटीच्या काळात ती दहा लाख एकरांहून मोठी झाली आणि तीत सुमारे एक लाख गुरे होती.

१८७८ च्या हिवाळ्यात क्वाना आपल्या लोकांसह आरक्षित प्रदेशातून शिकारीसाठी दरीत आला. बायसन नव्हते. उपाशी माणसांनी गुडनाइट यांची गुरे मारायला सुरुवात केली. एकेकाळी त्याच्या आईच्या वस्तीपर्यंत रेंजर्सना नेणारा माणूस आता त्याच्यासमोर बोलणी करायला बसला. बायसन सापडेपर्यंत एक दिवसाआड दोन जनावरे देण्याचे ठरले. याला औदार्य म्हणावे की स्वस्तात घेतलेली शांतता? माझ्या मते दोन्ही. पुढे क्वाना स्वतःही गुरे पाळू लागला.

त्याच वर्षी पत्नी मेरी ॲन यांच्या आग्रहावरून गुडनाइट यांनी कत्तलीतून उरलेली बायसनची पोरकी वासरे पाळण्यास सुरुवात केली. १८९८ मध्ये, सहा महिनेच शाळा पाहिलेल्या या माणसाने आणि पूर्वी शिक्षिका असलेल्या त्याच्या पत्नीने आपल्या गावी महाविद्यालय काढले. ते सुमारे दोन दशकांत बंद पडले. १२ डिसेंबर १९२९ रोजी, आयकार्डनंतर अकरा महिन्यांनी, गुडनाइट यांचे निधन झाले. त्या वासरांची संतती १९९७ मध्ये टेक्सस राज्याच्या कॅप्रॉक कॅनियन्स उद्यानात हलविण्यात आली. कोमांची मात्र त्या दरीत राहायला परतले नाहीत.