माळवदाच्या घरातली संगीन

आज बोलायचंय संगिनीबद्दल. बंदुकीच्या नळीच्या टोकाला अडकवायचं पातं म्हणजे संगीन. आपल्या बीड जिल्ह्यात जुन्या माळवदाच्या घरात अशी एखादी गंजलेली निघाली, की तिच्याबरोबर एक गोष्टही निघते. कोणी म्हणतं खर्ड्याच्या लढाईतली, कोणी म्हणतं मोमिनाबादच्या छावणीतली, कोणी म्हणतं पोलीस ॲक्शनच्या वेळची. यातली कुठली गोष्ट शक्य आहे, हे बऱ्याच अंशी त्या वस्तूवरूनच ठरवता येतं.

खर्ड्यापासून सुरू करू. खर्डा आपल्या हद्दीजवळच, नगर जिल्ह्यात. ११ मार्च १७९५ रोजी तिथे मराठे आणि निजाम लढले. निजामाकडे रेमाँच्या कवायती पलटणी होत्या, शिंद्यांकडे पेराँच्या. दोघेही फ्रेंच. त्या काळच्या संगिनीला मूठ नसते. तीन कडांचं लांब टोकदार पातं आणि मागे पोकळ नळी. ती नळी बंदुकीच्या तोंडावर चढवून फिरवली की खाचेत बसते. पण नळी दिसली म्हणून लगेच 'खर्डा' म्हणू नका. हीच पद्धत पुढे १८५३ च्या एनफिल्डला आणि त्यानंतर मार्टिनी-हेन्रीलाही चालली. म्हणून नळीचा आतला व्यास मोजा आणि तिच्यावर फिरणारी कडी आहे का ते पाहा. जुन्या ब्राउन बेसची नळी रुंद असते आणि तिला कडी नसते. एनफिल्डची अरुंद असते, तिला कडी असते.

आता मोमिनाबाद, म्हणजे आपलं अंबाजोगाई. इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. आता बघा, रिसाल्यातल्या स्वाराचं हत्यार तलवार आणि भाला, संगीन पायदळाची. दुसरं असं, की १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झालं. म्हणजे पात्यावर '१९०७' असा ठसा असेल, तर ती कंटिंजंटच्या काळातली असूच शकत नाही.

आणि या '१९०७' वरच सगळ्यात जास्त लोक फसतात. ते नमुन्याचं साल आहे, ती संगीन बनवल्याचं नव्हे. मुकुटाखाली १९०७, त्याखाली कारखान्याचं नाव, आणि जवळच बारीक आकडे: समजा '१०' आणि '१६', तर ऑक्टोबर १९१६. खरी तारीख ती. पातं मूळचं सतरा इंची. सुरुवातीला मुठीपाशी वाकडा आकडा असे; १९१३ मध्ये तो काढून टाकला. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात ही पाती कापून बारा इंचांची केली, नवीही आखूडच बनवली. बंगालमधल्या ईशापूर कारखान्याचा 'आर एफ आय' असा शिक्का अशांवर सापडतो.

मग १९४८. १३ ते १७ सप्टेंबरच्या कारवाईत भारतीय फौज आली, समोर निजामाचं सैन्य होतं. थ्री-नॉट-थ्री बंदुका दोन्हीकडे होत्या. म्हणून ईशापूरची आखूड संगीन हातात आली, तर 'त्या वेळची असू शकते' इथपर्यंत जाता येतं. कोणाच्या हातात होती, हे कारखान्याचा शिक्का सांगत नाही. मुठीवर किंवा आडव्या दांड्यावर पलटणीची अक्षरं असतील तर थोडं पुढे जाता येईल. बाकी सगळं घरच्या आठवणीवर. ती आठवण टाकून देऊ नका. आजीने काय सांगितलं ते वेगळं लिहा, पात्यावर काय आहे ते वेगळं लिहा. एकदा दोन्ही मिसळलं, की पुढच्या पिढीला ते सोडवता येत नाही.

शेवटी तीन गोष्टी. चिंच-राख लावून घासू नका. बारीक ठसे तिथेच जातात. कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात द्या, फोटो काढा. दुसरं, शस्त्र नियमांत संगिनीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. घेण्या-विकण्याआधी पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. आणि शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरू शकते, ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

आता कोणी काही आणलं असेल तर इथे टेबलावर ठेवा. आधी ठसे वाचू, मग गोष्ट ऐकू.