शिष्यवृत्तीच्या नावाने आलेली लिंक: ओळखा, थांबा, तक्रार करा

सप्टेंबर 2025 मध्ये जळगावजवळ ममुराबाद रस्त्यावरील एका फार्महाऊसमधील बनावट कॉल सेंटरवर पोलिसांनी छापा टाकला. तिथून परदेशी नागरिकांना फसवले जात असल्याचा आरोप आहे. ऑनलाइन फसवणूक मोठ्या शहरांतच होते, हा समज आता जळगाव-धुळ्याच्या तरुणांनी सोडायला हवा, असे आम्हाला वाटते.

फिशिंग म्हणजे काय?
बँक, सरकारी कार्यालय किंवा कंपनीचे सोंग घेऊन पासवर्ड, ओटीपी, कार्डाची माहिती काढून घेणे.

कसे ओळखाल?

- शिष्यवृत्ती: महाडीबीटीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. त्यासाठी फोनवर कुणाला ओटीपी सांगू नका, 'प्रोसेसिंग फी' भरू नका. राज्य शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो. मधेच 'महाडीबीटी' लिहिलेले असणे पुरेसे नाही.
- नोकरी: आधी अनामत मागणारा 'घरबसल्या काम' देणारा नसतो, पैसे उकळणारा असतो.
- यूपीआय: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.
- एपीके फाइल: लग्नपत्रिका किंवा वाहन चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली अशी फाइल उघडू नका. ती फोनमधले ओटीपी वाचू शकते.
- डिजिटल अटक: कायद्यात असा प्रकारच नाही. फोन कट करा.

खाते भाड्याने देऊ नका
कमिशनच्या आमिषाने बेरोजगार तरुणांकडून बँक खाते, एटीएम कार्ड, सिम मागितले जाते. लुटीचा पैसा त्या खात्यातून फिरतो. सूत्रधार नामानिराळा राहतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड नुसार संगणक किंवा मोबाइल वापरून तोतयेगिरीने फसवल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

फसलात तर

1. लगेच 1930 वर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते.
2. बँकेला कळवा, तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार, ओटीपी स्वतः दिला असला तरी कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते.
3. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. मेसेज, स्क्रीनशॉट जपून ठेवा.

शेवटी कार्यकर्त्यांना एक विनंती. फसलेल्या मुलाला हसू नका, रागावू नका. लाजेपोटी तो गप्प बसला, तर पैसे परत मिळण्याची वेळ निघून जाते. 1930 हा क्रमांक विहाराच्या, अभ्यासिकेच्या आणि वसतिगृहाच्या फलकावर आजच लिहा.