कळ उठण्याआधी

कुंभकोणमजवळच्या तिरुनीलक्कुडीत नीलकंठेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या शिवलिंगावर ओतलेलं तेल आत मुरतं, अशी भाविकांची श्रद्धा. हलाहल प्यालेल्या शंकराच्या गळ्याचा दाह शमावा म्हणून पार्वतीनं तेल लावलं, ही त्यामागची कथा. आधी विष, मग उतारा. औषधाचा हाच क्रम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे.

तो उलटा करण्याची कल्पना मात्र जुनी. शस्त्रकर्माआधी रुग्णाला जेवू घालावं, आणि पिणारा माणूस वेदना सोसू शकत नसेल तर त्याला कडक मद्य पाजावं, असं सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितलं आहे. पोटात अन्न असलं की मूर्च्छा येत नाही आणि नशेत शस्त्र जाणवत नाही, हे कारणही दिलं आहे. (पोटाच्या, मूळव्याधीच्या वगैरे शस्त्रकर्मांत मात्र उपाशी ठेवायचं. आजचे भूलतज्ज्ञ एवढंच मान्य करतील.) हा सगळा विचार कापतानाच्या वेदनेपुरता होता, नंतरच्या रात्रीचा नव्हता.

तिरुनीलक्कुडीच्या मुलखावर पुढे तंजावरच्या भोसल्यांचं राज्य आलं. दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात वैद्यकाची सोय केली. त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांची टिपणं आणि डोळ्यांची चित्रं सरस्वती महाल ग्रंथालयानं जपली आहेत. राजे 1832 मध्ये वारले. बोस्टनमध्ये मॉर्टननं ईथरची भूल जाहीरपणे दाखवली ती 16 ऑक्टोबर 1846 रोजी. तंजावरच्या त्या रुग्णांना ईथर मिळणं शक्यच नव्हतं.

भूल आली आणि प्रश्न मिटला असं वाटलं. झोपलेल्याला काय दुखणार!

अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांना हे पटेना. माणूस झोपला तरी कापलेल्या जागेचा मारा मेंदूपर्यंत पोचतच राहतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते आधी मॉर्फिन देत, वर हलकी भूल, आणि जिथे चीर द्यायची ती जागाही नोव्होकेननं बधिर करत. 1913 च्या सुमारास त्यांनी हे मांडलं, पण पुरावा तोकडा होता. तो 1983 मध्ये लंडनमध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी दिला. इजा झाली की मज्जारज्जूतल्या पेशीच हुळहुळ्या होतात आणि मग साधा स्पर्शही दुखतो, हे त्यांनी उंदरांवर दाखवलं. 1988 मध्ये पॅट्रिक वॉल यांनी ‘पेन’ या नियतकालिकाच्या संपादकीयातून शल्यक्रियेनंतरची वेदना आधीच रोखण्याचा विचार पुढे आणला.

मग उत्साहाला भरतं आलं, आणि लगेच ओहोटीही. 2002 च्या एका मोठ्या आढाव्यात, तेच औषध चिरेआधी दिलं काय किंवा नंतर दिलं काय, फारसा फरक दिसला नाही. 2005 च्या दुसऱ्या आढाव्यात काही पद्धतींना थोडा लाभ दिसला. 2009 मध्ये तर याच क्षेत्रातले नामवंत अमेरिकन भूलतज्ज्ञ स्कॉट रूबेन यांनी अभ्यासच्या अभ्यास बनावट रचल्याचं उघड झालं. त्यामुळे घड्याळाचा हट्ट मागे पडला. आता आधीची गोळी, नस बधिर करणारं इंजेक्शन (ब्लॉक) आणि नंतरची औषधं मिळून वेदनेचा सगळा काळ झाकण्यावर भर असतो, आणि ते शहाणपणाचंच आहे.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतील, तेव्हा भूल उतरल्यावरच्या दुखण्याचं काय ठरवलंय, हे जरूर विचारा. आणि मूत्रपिंडाचा, ॲसिडिटीचा किंवा दम्याचा त्रास असेल तर तो तेव्हाच सांगा. कोणती गोळी द्यायची, हे त्यावर ठरतं.