थांबलेली लाट

छायाचित्र म्हणजे जसे होते तसे, असे आम्ही वर्गात सहज बोलून जातो. छायाचित्रणाचा इतिहास मात्र या विधानाला साथ देत नाही.

१८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसच्या बुलेव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचे चित्र घेतले. प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. त्यामुळे चालणारी माणसे आणि धावत्या गाड्या चित्रात आल्याच नाहीत. ठळक उरला तो बहुधा बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस. पॉलिश करणारा त्याच्यापाशी पुसटसा.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. १८५७ साली ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी फ्रान्समधील सेत येथे उसळती लाट गोठवली. पण या काचा निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील. समुद्र नीट उमटावा तर आकाश कोरे पडे. म्हणून त्यांनी समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजावर जोडल्या. लाट खरी, आकाशही खरे; एकत्र असणे तेवढे रचलेले.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? गोठवलेला क्षणही रचना असू शकतो, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे. जुन्या कागदपत्रांत जो दिसत नाही, तो नव्हताच असे आपण म्हणू नये. कदाचित त्याला थांबायला सवड नसेल.