इतिहासावर हसायचं कुणी आणि कुणावर?

दर रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की आम्ही मुलांचा वर्ग घेतो. मागच्या महिन्यात पुस्तकं बाजूला ठेवून लॅपटॉपवर ब्रिटनमधल्या ‘हॉरिबल हिस्टरीज’ या मालिकेचे काही तुकडे दाखवले. इंग्रजी भराभर बोललेलं, त्यामुळे मध्ये थांबून आम्ही मराठीत सांगत होतो. मुलं हसली, ते अपेक्षितच होतं. पण मुलांना घ्यायला आलेले आईबाप दाराशीच उभे राहिले, मग आत येऊन बसले, आणि मुलांपेक्षा जास्त हसू लागले. वर्ग संपल्यावर एका ताईंनी विचारलं, “सर, हे गोऱ्यांच्या राजाचं झालं. आपल्या इतिहासावर कुणी असं काढलं तर आपण हसू का?”

प्रश्न साधा वाटतो, पण तो आंबेडकरी चळवळीच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. म्हणून हा लेख.

आधी ही मालिका काय आहे ते पाहू. टेरी डीअरी या लेखकाने 1993 पासून मुलांसाठी इतिहासाची विनोदी पुस्तकं लिहायला सुरुवात केली. शाळेतला सनावळ्यांचा इतिहास मुलांना मारून टाकतो, असं त्याचं म्हणणं. त्या पुस्तकांवरून 2009 मध्ये बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर मालिका आली. रॅटस रॅटस नावाचा बाहुला उंदीर सूत्रधार. मध्ये मध्ये छोटी प्रहसनं, गाणी, खोट्या जाहिराती, खोट्या बातम्या. रोमन सम्राट, ट्यूडर राजे, व्हायकिंग, पहिल्या महायुद्धातले सेनापती, कुणालाही सोडलेलं नाही. एखादी गोष्ट अविश्वसनीय वाटली की उंदीर येऊन सांगतो, हे खरंच घडलं होतं. त्यासाठी इतिहासाचा जाणकार सल्लागार नेमलेला होता.

मालिका मुलांची, पण मोठ्यांनी ती उचलून धरली. 2010 च्या ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्समध्ये तिला सर्वोत्कृष्ट प्रहसन मालिकेचा पुरस्कार मिळाला, तोही मोठ्यांच्या कार्यक्रमांना मागे टाकून. 2011 मध्ये तर बीबीसी वन या मुख्य वाहिनीवर मोठ्यांसाठी तिची वेगळी आवृत्ती दाखवली गेली.

आईबापांना ती का आवडली असेल? आम्हाला वाटतं, कारण शाळेत त्यांना जो इतिहास भीती घालून शिकवला गेला, तो इथे उघडा पडला. ज्या राजाच्या नावापुढे मान झुकवायला शिकवलं, तो राजाही घाणेरडा, भित्रा, हावरट आणि मूर्ख असू शकतो, हे पाहताना पोटातली जुनी भीती हसण्यातून बाहेर पडते. शेजारी बसलेलं आपलं मूल ती भीती न बाळगता मोठं होतंय, याचाही आनंद असतो.

आता एक उदाहरण आपल्या दृष्टीने बघा. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबारात राजाच्या शौचाची व्यवस्था पाहणारा एक अधिकारी असे. या मालिकेला असले विषय फार आवडतात आणि मुलं नाक दाबून हसतात. पण पुढचं ऐका. हे पद मानाचं होतं. सरदार घराण्यातली माणसं ते मिळावं म्हणून धडपडत, कारण त्यामुळे राजाच्या अगदी जवळ राहता येई. आम्ही हे सांगितलं तेव्हा नगरपालिकेत सफाईचं काम करणारे एक काका जोरात हसले आणि मग म्हणाले, “तिथं सरदार झाला, इथं माझ्या बापाला चहा वरून ओतायचे.”

समाजशास्त्राच्या पुस्तकात शंभर पानांत जे सांगतात ते काकांनी एका वाक्यात सांगितलं. काम घाणेरडं म्हणून माणूस अस्पृश्य ठरत नाही. माणूस आधी अस्पृश्य ठरवला जातो आणि मग घाण त्याच्या डोक्यावर दिली जाते. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करण्यासाठी या देशाला 1993 मध्ये एक आणि 2013 मध्ये दुसरा कायदा करावा लागला, आणि तरी माणसं गटारात मरतातच. हेन्रीच्या विनोदातून आमचा वर्ग इथपर्यंत पोचला.

आपल्याकडे टीव्हीवर इतिहास कसा येतो? 1987 मध्ये रामायण मालिका आली तेव्हा लोक टीव्हीला हार घालत होते. तेव्हापासून इतिहास आणि पुराण यातली रेघच पुसली गेली. राजा म्हणजे अवतार, मागे शंख, पुढे आरती. 2019 मध्ये बाबासाहेबांच्या जीवनावर मराठीत आणि हिंदीत मालिका आल्या. वस्त्या-वस्त्यांत कुटुंबं एकत्र बसून बघत होती, आमच्याही घरात बघितली गेली. त्या मालिकांचं मोल आम्ही कमी करत नाही. ज्यांचा इतिहास पडद्यावर कधी दिसलाच नाही त्यांना तो पहिल्यांदा दिसला. पण तिथेही आपण हात जोडूनच बसलो होतो. हात जोडलेला माणूस प्रश्न विचारत नाही, आणि प्रश्न न विचारणारी पिढी बाबासाहेबांना नको होती.

मित्रांनो, कुणी म्हणेल की हसणं ही आपली परंपरा नाही, आपला इतिहास दुःखाचा आहे. हे खरं नाही. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं. त्यात जोशी एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, आणि विदूषक मध्ये मध्ये येऊन त्या लुबाडणुकीचं पितळ उघडं पाडतो. रॅटस उंदराच्या दीडशे वर्षं आधी जोतीरावांनी विदूषकाला इतिहासाचा आणि समाजाचा सूत्रधार केला होता. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारलं. 1873 च्या ‘गुलामगिरी’त तर जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादात ब्रह्मदेवाच्या चार अवयवांतून चार वर्ण जन्मल्याच्या कथेची अशी काही उलटतपासणी आहे की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. ब्रह्मदेवाला महिन्याचे किती दिवस बाजूला बसावं लागत असेल, याचाही हिशेब जोतीराव मांडतात!

पुढे सत्यशोधक जलसे आले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तमाशाचाच साचा, तीच बतावणी, पण टोपी उडायची भटजीची, सावकाराची, पाटलाची. दिवसभर ज्याच्यापुढे वाकायचं, रात्री त्याच्यावर पोट धरून हसायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे वाकताना पाठ थोडी कमी वाकत असेल, असं आम्हाला वाटतं.

मग 2012 मध्ये आपण चिडलो का? ताईंच्या प्रश्नाचं उत्तर देताना हे टाळता येणार नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं 1949 मधलं व्यंगचित्र होतं. संविधान नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. संसदेत गदारोळ झाला, पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुण्यात पळशीकरांच्या विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोड झाली.

तोडफोड चूक होती, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. ज्या माणसाने आयुष्यभर लेखणीने उत्तर दिलं त्याच्या नावाने खुर्च्या मोडणं हा त्याचाच अपमान. आणि त्या दिवसापासून चर्चा व्यंगचित्राची राहिलीच नाही, आपल्या ‘असहिष्णुते’ची झाली. पण आक्षेप मात्र खोटा नव्हता. बचाव करणारे म्हणाले, दोघंही गोगलगायीलाच हाकत आहेत. असेलही. पण वर्गात बसलेल्या सोळा वर्षांच्या आपल्या मुलाला त्या चित्रात काय दिसतं? ज्या समाजाच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या कोरडा पडला, त्याच्या नेत्यामागे पुन्हा कोरडा. आणि शेजारच्या बाकावरून येणारं हसू त्याने कसं झेलायचं?

शिवाय ते चित्र अर्धवट होतं. संविधानाला 2 वर्षं 11 महिने 17 दिवस लागले. उशिराच्या आरोपाला बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात उत्तर दिलं आहे. मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. ऑस्ट्रेलियाला तर नऊ वर्षं लागली होती. खरा विनोद करायचा असता तर त्या दुरुस्त्यांच्या ढिगाखाली दबलेल्या मसुदा समितीवर करता आला असता. म्हणजे भांडण हसण्याशी नाही. ओझं वाहणाऱ्यावर हसायचं की ओझं लादणाऱ्यावर, हा मुद्दा आहे.

ब्रिटनमध्येही हा वाद सुटलेला नाही. मालिकेतल्या एका गाण्यात राणी व्हिक्टोरियाला तिचा नोकर सांगतो की ज्याला ती अस्सल ब्रिटिश समजते तो चहा हिंदुस्थानचा आणि साखर गुलामांच्या घामाची. हे जुनं गाणं बीबीसीने 2020 मध्ये ब्रेक्झिटच्या वेळी पुन्हा दाखवलं तेव्हा ते देशविरोधी असल्याची ओरड झाली. मुलांच्या गाण्याने साम्राज्याचे भक्त दुखावले! ओळखीचं वाटतंय ना?

पण मालिका स्वतःही चुकली आहे, आणि तेही आपण शिकलं पाहिजे. एका प्रहसनात फ्लॉरेन्स नाइटिंगेल काळ्या वर्णामुळे जमैकाच्या मेरी सीकोलला परिचारिका म्हणून नाकारते, असं दाखवलं. सीकोलला क्रिमियन युद्धाच्या वेळी नकार मिळाला होता आणि वर्णामुळे का, ही शंका तिने आपल्या आत्मकथनात मांडली आहे. पण तो नकार स्वतः नाइटिंगेलने दिल्याचा पुरावा नव्हता. 2014 मध्ये बीबीसीच्या नियामक मंडळाने ती चूक मान्य केली. आपली बाजू न्यायाची असली तरी तोंडी खोटं वाक्य घालण्याची सूट मिळत नाही. व्हॉट्सॲपवर काहीही पुढे पाठवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्या इतिहासाला खोट्याची गरजच नाही.

गरज का नाही? 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी माणसांनी प्यायलं. गुरंढोरं पीत होती तोवर तळं शुद्ध होतं. माणसं प्यायली तेव्हा 108 घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते ‘शुद्ध’ केलं! जगातला कोणता विनोदी लेखक याहून मोठा विनोद लिहील?

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही मुलांकडून एक प्रहसन बसवून घेतलं. बाबासाहेबांच्या आठवणीतलं. 1901 च्या सुमारास मसूर स्टेशनवर उतरलेली लहान मुलं. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलतो, जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवाला बसवायला तयार नाही. शेवटी तोड निघते: मुलांनी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाला बाजूने चालणार! आईबाप खूप हसले. पुढे टोलनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगूनही पाणी मिळत नाही आणि मुलं उपाशी, तहानलेली रात्र काढतात, तिथे विहार शांत झाला. मग गाडीवाला झालेल्या मुलाने मध्येच थांबून आम्हाला विचारलं, “सर, दुप्पट पैसे घेताना तो बाटला नाही का?”

पुन्हा हसू फुटलं. सगळ्यात मोठ्याने त्या प्रश्न विचारणाऱ्या ताईच हसत होत्या, आणि डोळे पुसत होत्या.

आपल्या इतिहासावर आपण हसू शकतो का, याचं उत्तर आम्हाला तिथे मिळालं. प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीत रविवारचा वर्ग सुरू करा. पुरावा हातात ठेवा, नेम वर धरा, आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. आईबापांनाही दारात उभं ठेवू नका, आत बोलवा.

जय भीम! नमो बुद्धाय!