पैनगंगेच्या दोन तीरांवरील देणेंघेणें

आर्णी हें आज यवतमाळ जिल्ह्यांतील एका तालुक्याचें ठिकाण आहे. गांव अरुणावतीवर वसलेलें असून त्या नदीचें पाणी पुढें पैनगंगेस मिळतें. पैनगंगेपलीकडे माहूर. आज या दोहोंमध्यें केवळ जिल्ह्याची सीमा आहे. परंतु १८५३ नंतर जवळजवळ शतकभर अलीकडे इंग्रजांचा अंमल व पलीकडे निजामाचा, अशी स्थिति होती. एका तीरावर कलदार रुपया चाले, दुसऱ्या तीरावर हाली शिक्का. अशा मुलखांत ज्यानें माल उधार दिला त्याचा खरा प्रश्न देणेंदारानें खत लिहून दिलें कीं नाहीं हा नव्हे. तें खत कोणत्या दरबारीं मानलें जाईल, हा होय. वऱ्हाडचें एकोणिसावें शतक या एका प्रश्नाच्या अनुरोधानें वाचलें असतां पुष्कळ गोष्टी उलगडतात असें आम्हांस वाटतें.

यांतील पहिलें प्रकरण पामर आणि कंपनीचें. विल्यम पामर यानें ही पेढी हैदराबादेंत १८१४ च्या सुमारास काढली. इंग्रज प्रजाजनानें परवानगीवांचून देशी संस्थानिकांस कर्ज देऊं नये असा १७९७ चा पार्लमेंटचा कायदा होता. त्यांतून १८१६ त गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यानें पेढीस मोकळीक दिली. पुढें फौजेचा पगार पेढीनें भरावा व त्याबद्दल निजामाच्या मुलखाच्या वसुलावर तनखे घ्यावे असा प्रघात पडला. १८२० त साठ लक्षांचें कर्ज ठरलें. रेसिडेंट मेटकाफ यानें या व्यवहारास कडवा विरोध केला आणि १८२४ त पेढी बुडाली. त्या वादांतील कायद्याचा मुद्दा लक्षांत घेण्यासारखा आहे. १७७३ च्या कायद्यानें इंग्रज प्रजेस शेंकडा बारांहून अधिक व्याज घेण्याची मनाई होती. मग ती मनाई निजामाच्या राज्यांत राहून निजामाशींच व्यवहार करणाऱ्यास लागू आहे काय? मनुष्य एका राज्याचा, व्यवहार दुसऱ्या राज्यांतला. व्याजाची मर्यादा कोणाच्या शास्त्राप्रमाणें धरावयाची? हा प्रश्न विलायतेंतील न्यायाधीशांपर्यंत पोंचला. पेढीच्या येण्यासंबंधींच्या एका खलित्यावरून बोर्ड ऑफ कंट्रोल व कंपनीचे डायरेक्टर यांचें भांडण जुंपलें, तें १८३३ त लंडनच्या किंग्ज बेंच कोर्टांत गेलें.

दुसरें प्रकरण तारापूरच्या पारशी बंधूंचें. विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी यांनीं १८२५-२६ त वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर घालून मुंबईस धाडला. या निर्गतीचा आरंभ त्यांच्यापासूनच झाल्याचें जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. औरंगाबादच्या टांकसाळेंतील पेस्तनशाही रुपया नाणेंसंग्राहकांच्या परिचयाचा आहेच. यांनींही निजाम सरकारास कर्ज दिलें व तारण म्हणून वऱ्हाडच्या वसुलाची लावणी करून घेतली. चंदूलालानें १८४३ त दिवाणगिरी सोडली, आणि १८४५ त ते महाल या पेढीच्या हातून काढून घेण्यांत आले. पेढीनें इंग्रज सरकाराकडे दाद मागितली. ती लागली नाहीं. कागद होते, शिक्के होते, हिशेब होता. न्यायासन तेवढें नव्हतें.

आतां तिसरा धनको पाहा. कंटिंजंट फौजेच्या खर्चाचें येणें म्हणून खुद्द ईस्ट इंडिया कंपनीनें निजामाकडे तगादा लाविला आणि १८५३ च्या तहानें वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख आपल्या व्यवस्थेखालीं घेतले. १८६० त दुसरा तह होऊन पन्नास लक्षांचें कर्ज सोडण्यांत आलें व धाराशिव आणि रायचूर परत गेले. वऱ्हाड मात्र राहिला. पामर व पेस्तनजी यांनीं ज्या वसुलावर भरंवसा ठेविला, तोच वसूल या धनकोनें न्यायाधीशावांचून पदरांत पाडून घेतला. खाजगी सावकारास कोर्ट लागतें. राजसत्तेस तह पुरतो. या तिन्ही प्रकरणांचा आम्ही हाच इत्यर्थ काढतों.

तेव्हांपासून वऱ्हाडची स्थिति मोठी चमत्कारिक झाली. कारभार इंग्रजांचा, सार्वभौमत्व निजामाचें. १९०२ च्या करारानें वर्षास पंचवीस लक्ष रुपये ठरवून कायमचा पट्टा झाला, तरी हें द्वैत गेलें नाहीं. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत. गव्हर्नर जनरलच्या हुकुमानें एकेक लागू करावा लागे. ही गुंतागुंत सोडविण्यासाठीं १९४१ साली वऱ्हाडच्या कायद्यांविषयीं निराळा अॅक्ट करावा लागला.

मोठ्या पेढ्या जेथें बुडाल्या तेथें लहान व्यापार तगला कसा? आमच्या मतें त्याचें उत्तर हुंडींत आहे. दर्शनी व मुदती, धनीजोग व शहाजोग, माल पोंचल्यासच फेडावयाची जोखमी, आणि मूळ हुंडी गहाळ झाल्यास पेठ व परपेठ, ही सर्व व्यवस्था महाजनांच्या रिवाजानें घडविली; कोणा एका राजानें ती दिली नाहीं. शहाजोग हुंडीचा पैसा उचलणारा प्रतिष्ठित सावकारच असावा लागे व चूक निघाल्यास तो जबाबदार राही. म्हणजे न्यायासनाचें काम पतच करी. १८८१ च्या कायद्यानेंही देशी भाषांतील अशा कागदांचा स्थानिक रिवाज राखून ठेविला, तो उगीच नव्हे.

आमचे संग्राहक सनदा, महजर व सरदारांचीं पत्रें प्रेमानें जमवितात. वाण्याच्या वह्या मात्र रद्दींत जातात. सरहद्दीवरील आर्णीसारख्या गांवीं जुनी वही किंवा खत हातीं आल्यास चार गोष्टी अवश्य पाहाव्या: फेड कोठें करावयाची, नाणें कोणतें, व्याज काय, आणि तंटा कोणीं तोडावयाचा. या चार ओळींत दोन राज्यांमधला कायदा सांपडतो. तहनाम्यांत तो सांपडावयाचा नाहीं. तेथें केवळ बलवत्तर धनकोची बाजू लिहिलेली असते.